खुबा बदलायचा आहे? आधी मान दाखवा

(वाचकांचे प्रश्न : सांधे आणि हाडं. उत्तरं देत आहेत मिरजेत २६ वर्षं फिजिओथेरपी करणाऱ्या आमच्या स्तंभलेखिका.)

प्रश्न : मॅडम, माझे मिस्टर ३३ वर्षांचे आहेत, प्राथमिक शाळेत शिक्षक आहेत. एकविसाव्या वर्षापासून त्यांची कंबर धरायची. पहाटे जास्त, कामाला लागलं की कमी. सगळ्यांनी गादीला दोष दिला. पंचविशीत एमआरआय झाला तेव्हा अँकायलोझिंग स्पॉन्डिलायटिस (पाठीचा कणा आखडत नेणारा संधिवात) निघाला. आता पाठ काठीसारखी झाली आहे, मान फारशी वळत नाही आणि चार वर्षांपासून दोन्ही खुबे धरलेत. खाली बसता येत नाही, मोटरसायकलवर पाय टाकता येत नाही, मोजे मी घालते. एक डॉक्टर म्हणाले, वय लहान आहे, पन्नाशीपर्यंत कसंतरी काढा. दुसरे म्हणाले, दोन्ही खुबे आताच बदला. सासूबाई म्हणतात, तेल लावून एका माणसाकडून मोकळं करून घेऊ. दर पंधरा दिवसांनी या आजाराची सूज कमी करणारं अ‍ॅडालिम्युमॅबचं इंजेक्शन चालू आहे, ऑपरेशनच्या वेळी ते बंद करायचं का? आणि एक विचारते, राग मानू नका. रात्री कूस बदलतानाही त्यांना कळ येते, त्यामुळे आम्ही वेगवेगळे झोपतो. ऑपरेशननंतर आमच्यातलं सगळं नीट होईल का?
— एक वाचक, जत तालुका

उत्तर : ताई, राग कसला. हा प्रश्न माझ्याकडे येणाऱ्या बायका दाराशी चप्पल घालता घालता विचारतात, तुम्ही तो लिहून पाठवलात हे फार बरं केलंत. त्याचंही उत्तर देते. मी ऑपरेशन करत नाही. ऑपरेशनच्या आधीचा माणूस आणि नंतरचा माणूस माझ्या हाती येतो, त्यामुळे मी जे सांगते ते त्या बाजूने पाहिलेलं आहे.

आधी ते पन्नाशीचं. बारा वर्षांपूर्वी तुमच्याच भागातले एक सलूनवाले माझ्याकडे यायचे. एसटीने मिरजेला यायचे, सगळा रस्ता उभे. गाडी रिकामी असली तरी उभे. कंडक्टर म्हणायचा, "बसा की पावणं, जागा हाय." ते बसूच शकत नव्हते. दोन्ही खुबे सरळ स्थितीत जाम झाले होते. सीटच्या कडेला टेकले तर दोन्ही पाय लाकडासारखे समोर जायचे आणि वाट अडायची. दुकानात दिवसभर उभ्यानेच काम, त्यामुळे गिऱ्हाइकांना कधी कळलंच नाही. जेवायचे उभे, देव्हाऱ्यापुढे उभे. त्यांनाही कुणीतरी सांगितलं होतं, वय लहान आहे, थांबा. ते नऊ वर्षं थांबले. ऑपरेशन झालं आणि सांधा छान बसला, पण नऊ वर्षं न हललेले बैठकीचे स्नायू हाताला लागतच नव्हते. काठी सुटायला जवळजवळ एक वर्ष गेलं. थोडी तरी हालचाल शिल्लक असताना जे येतात, त्यातल्या बऱ्याच जणांची काठी मी दोन-तीन महिन्यांत काढून घेते. त्या नऊ वर्षांचं मला आजही वाईट वाटतं.

"थांबा" हा सल्ला कुठून आला तेही सांगते. जॉन चार्नली यांनी १९६२ साली इंग्लंडमधल्या राइटिंग्टन इथे आजच्या पद्धतीचा खुबा बसवला : मांडीच्या हाडात स्टीलचा लहान गोळा आणि कमरेच्या हाडात प्लास्टिकची वाटी. वाटी झिजायची. तरुण माणूस जास्त चालणार, लवकर झिजवणार, पुन्हा उघडावं लागणार, म्हणून म्हातारपणापर्यंत थांबायची रीत पडली. ती रीत मुख्यतः वयाने झिजलेल्या खुब्यांसाठी होती. १९९०च्या दशकाच्या शेवटी जास्त टिकाऊ प्लास्टिक आलं. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात, जुन्या खुब्यांसकट, १०० पैकी सुमारे ५८ खुबे २५ वर्षं टिकलेले दिसले. तुमच्या मिस्टरांचं वय पाहता त्यांना आयुष्यात आणखी एखादं ऑपरेशन लागण्याची शक्यता खरीच आहे, ती मी लपवणार नाही. पण तेहतीस ते पन्नास ही वर्षं कसली आहेत ते बघा. नोकरी, घर, लेकरं, सगळं याच वर्षांत. ती उभ्याने काढून म्हातारपणासाठी सांधा राखून ठेवायचा, हे मला पटत नाही.

निर्णय वयावरून घेऊ नका. रात्री झोपमोड होते का, किती अंतर चालता येतं, मोजा घालता येतो का, आणि एक्स-रेमध्ये गोळा आणि वाटी यांच्यातली फट उरली आहे का, यावर तो घ्या. फट शिल्लक असेल तर इंजेक्शनने सूज बसून खुबा काही वर्षं वाचूही शकतो. फट गेली असेल तर कूर्चा, म्हणजे सांध्यातली मऊ गादी, परत उगवत नाही. संधिवाततज्ज्ञ आणि सांधेरोपण करणारे सर्जन या दोघांनी एकच एक्स-रे बघून बोलावं, असा आग्रह धरा.

सासूबाईंच्या तेलाला माझी ना नाही. कोमट तेलाने स्नायूंना बरं वाटतं, आणि आईच्या हाताचंही काही असतंच. पण "मोकळं करून देणाऱ्या" माणसाकडे नेऊ नका. कुठल्याही परिस्थितीत नाही. या आजारात मणके एकमेकांना हाडाने जोडले जातात. एक्स-रेवर कणा पेराचा बांबू दिसतो, डॉक्टरही त्याला बांबूच म्हणतात, आणि तो आतून ठिसूळ असतो. मान कडकन वळवली, पाठीवर गुडघा ठेवून दाबलं, तर तो मोडतो आणि मज्जारज्जूला इजा होते.

आता मानेचं. या पत्रातलं एवढं एकच लक्षात राहिलं तरी चालेल. खुब्याच्या ऑपरेशनला लोक खुब्याचा एक्स-रे घेऊन जातात. तुम्ही मानेचाही न्या. भूल देण्याचे दोन मार्ग असतात. एक, पाठीत सुई देऊन कमरेखालचा भाग बधिर करणं. यांच्या पाठीत मणक्यांमधले पट्टे हाडासारखे झालेले असतात, सुईला वाट मिळेलच असं नाही. दुसरा, पूर्ण झोपवून श्वासनळीत नळी घालणं. त्यासाठी मान मागे न्यावी लागते, आणि ती जात नाही. अशा वेळी घशात बधिर करणारा फवारा मारून, माणूस जागा असताना, कॅमेऱ्याच्या बारीक लवचिक दुर्बिणीवरून नाकावाटे नळी घालतात. ऐकायला भीती वाटते, पण ज्यांचं असं झालं त्यांनी मला सांगितलंय की खोकला आला, डोळ्यांत पाणी आलं आणि मग झोप लागली. ही दुर्बीण आणि ती चालवणारा हात प्रत्येक ठिकाणी असतोच असं नाही. म्हणून ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी भूलतज्ज्ञ पहिल्यांदा भेटले, असं होऊ देऊ नका. निदान आठ-दहा दिवस आधी वेळ मागा आणि स्पष्ट विचारा, "यांची मान वळत नाही, जबडा इतका उघडतो, तुम्ही भूल कशी देणार?" छातीच्या फासळ्याही या आजारात आखडतात. मी छातीभोवती टेप धरून पूर्ण श्वास घ्यायला लावते. फरक अडीच सेंटिमीटरही येत नसेल तर ऑपरेशनच्या आधीच फुफ्फुसांचे व्यायाम सुरू करते. ईसीजी आणि टू-डी इको होतोच, कारण हृदयाची एक झडप आणि हृदयाचे ठोके या दोन्हींवर या आजाराचा परिणाम होऊ शकतो. विडी-सिगरेट असेल तर आजच बंद.

आणि उशी. तुमचे मिस्टर भिंतीला पाठ लावून उभे राहिले की डोक्याची मागची बाजू भिंतीला टेकते का ते बघा. मी हे अंतर दर भेटीला मोजते. सलूनवाल्यांचं १४ सेंटिमीटर होतं. म्हणजे उताणं झोपल्यावर डोकं गादीपासून तेवढं अधांतरी राहणार. घरी ते दोन उशा घ्यायचे. एका ठिकाणी त्यांना स्ट्रेचरवर घेताना कामाच्या घाईत कुणीतरी उशी काढून घेतली आणि डोकं खाली टेकवायला कपाळावर हात ठेवला. मी शेजारीच होते, ओरडले. त्या दिवसापासून मी माझ्या प्रत्येक रुग्णाच्या उशीला जाड पेनाने लिहिलेला कागद टाचते : "उशी काढू नये. मान सरळ होत नाही." तुम्हीही असा कागद लावा. ऑपरेशनच्या दिवशी तो माणूस स्वतः सांगायच्या स्थितीत नसतो.

सर्जनना दोन गोष्टी विचारा. पहिली ही : आपण बसतो तेव्हा ओटीपोटाचं हाड मागे कलतं आणि खुब्याची वाटी थोडी पुढून उघडते, मांडीला जागा मिळते. उभे राहिलो की ती परत मिटते. कणा त्या हाडाला जोडला गेला असेल तर हे पुढे-मागे कलणं थांबतं. शिवाय पाठीला पोक आलेलं असलं तर हाड कायमचंच मागे कललेलं राहतं. मग टेबलावर बरोबर दिसणारी वाटी उभं राहिल्यावर पुढे जास्त उघडी पडते आणि गोळा पुढून निसटायचा धोका वाढतो. म्हणून बाजूने काढलेले दोन एक्स-रे हवेत, एक उभ्याने आणि एक बसून. गरज वाटली तर काही सर्जन "ड्युअल मोबिलिटी" नावाचा, गोळ्यावर आणखी एक मोठा प्लास्टिकचा गोळा असलेला सांधा घालतात, तो निसटायची शक्यता कमी असते.

दुसरी गोष्ट : या शरीराला नको तिथे हाड तयार करायची खोड असते. नव्या सांध्याभोवतीच्या स्नायूंत हाड धरलं तर मोकळा केलेला खुबा पुन्हा आखडतो. ते टाळायला ऑपरेशननंतर काही दिवस इंडोमेथासिनसारखी गोळी किंवा ऑपरेशनच्या आसपास एकदाच थोडा किरणोपचार देतात. तुमच्या मिस्टरांसाठी काय ठरवलंय ते विचारून घ्या.

दोन्ही खुबे एकदम का? दोन्ही वाकलेल्या स्थितीत आखडले असतील आणि एकच सरळ केला, तर न केलेला खुबा कंबर ओढून धरतो, केलेलाही पूर्ण सरळ होत नाही, आणि माझे व्यायामही निम्मे फुकट जातात. म्हणून दुसऱ्या डॉक्टरांचं म्हणणं मला वाजवी वाटतं. एकाच दिवशी की काही दिवसांच्या अंतराने, ते हृदय-फुफ्फुसं आणि रक्ताचं प्रमाण बघून ठरेल.

इंजेक्शन मनाने बंद करू नका, आणि चालूही ठेवू नका. अ‍ॅडालिम्युमॅब दर दोन आठवड्यांनी असतं, म्हणून ऑपरेशन साधारणपणे शेवटच्या डोसनंतर तिसऱ्या आठवड्यात, म्हणजे पुढचा डोस गाळून, धरतात. जखम कोरडी झाली, टाके निघाले, जंतूंची शंका नाही, की साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा सुरू करतात. दोन्ही डॉक्टरांकडून तारखा कागदावर लिहून घ्या. जास्त दिवस बंद राहिलं तर आजार उसळतो, आणि नेमकं चालायला शिकायच्या दिवसांत पाठ धरते.

घरी काय तयारी करायची? गुडघ्यामागच्या घडीपासून जमिनीपर्यंतचं अंतर टेपने मोजा. घरातली खुर्ची, पलंग आणि कमोड त्याहून दोन-तीन इंच उंच हवेत. उंचीच्या नळ्या लावलेली कमोडची खुर्ची भाड्यानेही मिळते. वरच्या इयत्तेची मुलं चालत्या गुरुजींना धडकतात, म्हणून शाळेत परत जायला निदान तीन महिने लागतील असं धरून चला. कुठल्या हालचाली टाळायच्या याची यादी खुबा बदललेल्या शेजारच्या काकूंकडून घेऊ नका. त्यांना सांगितलेलं असतं की वाकू नका, पाय आत वळवू नका. तुमच्या मिस्टरांच्या कंबरेचा कल वेगळा असेल तर त्यांना कदाचित उलट सांगतील : पाय मागे नेऊन बाहेर वळवू नका. ऑपरेशन कुठल्या बाजूने केलं त्यावरही ते बदलतं. मांडी घालणं आणि उकिडवं बसणं मात्र मी कुणालाच सुचवत नाही. पंगतीत त्यांना खुर्ची द्या, त्यात कमीपणा नाही.

आता तुमचं शेवटचं. रात्रीची कळ खुब्यातली असेल तर ती बहुतेकांची पहिल्या काही आठवड्यांतच जाते. जखमेचं दुखणं वेगळं असतं, ते रोज कमी होत जातं. सर्जननी तपासून हो म्हटलं की साधारण सहा आठवड्यांनंतर पती-पत्नी म्हणून जवळ यायला हरकत नसते. सुरुवातीला त्यांनी उताणं राहावं, मानेखाली नेहमीची उशी, पायांना झटका नको, बाकी तुम्ही दोघं एकमेकांना विचारत पुढे जा. सर्जनसमोर हे विचारायला संकोच वाटला तर "कुठल्या स्थिती टाळायच्या?" एवढंच विचारा, त्यांना कळतं. आणखी एक, मूल हवं असेल आणि त्यांना सल्फासॅलाझिनच्या गोळ्या चालू असतील तर संधिवाततज्ज्ञांना सांगा. त्या गोळीने शुक्रजंतूंची संख्या कमी होते, गोळी बदलल्यावर दोन-तीन महिन्यांत ती पूर्ववत होते. हे न कळल्यामुळे एका जोडप्याने चार वर्षं बाईच्याच तपासण्या करून घेतल्याचं मी पाहिलं आहे.

प्रश्न : माझ्या भावाला हा आजार आहे. काळजीपोटी आम्ही माझ्या १९ वर्षांच्या मुलीची एचएलए-बी२७ (या आजाराशी संबंधित जनुकाची) रक्ततपासणी केली, ती पॉझिटिव्ह आली. तिला काहीच त्रास नाही. पुढे तिचेही खुबे जातील का?
— एक आई, इचलकरंजी

उत्तर : ताई, तो कागद कपाटात ठेवून द्या. बी२७ असलेल्या बहुतेक लोकांना हा आजार कधीच होत नाही. तिला औषध नको आणि लग्नाच्या बोलण्यात तो रिपोर्ट दाखवायचीही गरज नाही. फक्त तीन गोष्टी तिला सांगून ठेवा : तीन महिन्यांहून जास्त कंबर दुखली आणि ती विश्रांतीने वाढून हालचालीने कमी झाली, किंवा एक डोळा अचानक लाल होऊन दुखायला लागला आणि उजेड सहन होईना, किंवा जांघेत दुखायला लागलं, तर लगेच दाखवायचं. खुब्याचं दुखणं जांघेत आणि कधी थेट गुडघ्यात जाणवतं. गुडघ्याचा एमआरआय करून वर्ष घालवलेली मुलं मी पाहिली आहेत.

प्रश्न : रामकृष्णहरी. वय ५४. याच आजारात १६ वर्षांपूर्वी दोन्ही खुबे बदलले. तेव्हापासून काही त्रास नाही, म्हणून डॉक्टरांकडेही गेलो नाही. यंदा आळंदी ते पंढरपूर पायी वारी करायची इच्छा आहे. जमेल का?
— एक वारकरी, वाळवा तालुका

उत्तर : माउली, रामकृष्णहरी. सोळा वर्षं सांधे सुखरूप आहेत हे वाचून आनंद झाला. आधी दोन्ही खुब्यांचा एक्स-रे काढा. प्लास्टिक झिजून आजूबाजूचं हाड पोखरलं जात असेल तर बराच काळ काहीच दुखत नाही. एक्स-रे चांगला आला तर सपाट रस्त्याने चालायला नव्या सांध्याची हरकत नसते. पण सुमारे अडीचशे किलोमीटरचा पल्ला आहे, आजपासून रोज चालणं वाढवत न्या आणि सलग दोन-तीन दिवस दहा-बारा किलोमीटर चालून बघा. दिवे घाट चढताना काठी घ्या. फुगडी, पाउल्या, रिंगणातलं धावणं यंदा डोळ्यांनीच घ्या.

पायाला फोड आला तर तो फुटू न देता रोज बघा, चिघळला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. कुठल्याही जखमेतले जंतू रक्तातून धातूच्या सांध्यावर जाऊन बसू शकतात. दाढ किडलेली असेल तर वारीआधीच तिचा बंदोबस्त करा. मुक्कामाला घडीची कमोडची खुर्ची सामानाच्या ट्रकमध्ये ठेवा, शेतात उकिडवं बसू नका.

मला खरी काळजी तुमच्या मानेची आहे. दर्शनाच्या रेटारेटीत, पावसातल्या चिखलात, साधं घसरून पडलं तरी जोडल्या गेलेल्या मानेचं हाड मोडू शकतं आणि पहिले काही तास माणूस चालत-बोलतही असतो. पडल्यानंतर मान किंवा पाठ नव्याने दुखली तर साध्या एक्स-रेवर भागवू नका, सीटी स्कॅन मागा. आणि निघायच्या आदल्या दिवशी विणेकऱ्यांना आणि शेजारी चालणाऱ्या दोघांना सांगून ठेवा : मी पडलो तर मला हाताला धरून उठवू नका, मान सरळ करू नका. माझी मान रोज जशी पुढे वाकलेली असते तशीच ठेवून दोन्ही बाजूंनी उपरणं गुंडाळून आधार द्या, डोक्याखाली कापड घाला आणि १०८ ला फोन करा.